पंधरा पिक्सेलचा चेहरा

मी तालुक्याच्या गावात सीसीटीव्हीचं काम करतो, चौदा वर्षं झाली. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे शिडीवर चढून कॅमेरा ठोकायचा, पण बराचसा वेळ फुटेज काढण्यात जातो. कुठं चोरी झाली की पोलीस स्टेशनमधून फोन येतो, मालकाला पासवर्ड आठवत नसतो, डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, कुठंतरी पोत्यांच्या मागं धूळ खात पडलेला असतो, आणि एक टीबीची हार्डडिस्क असेल तर आठ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग दहा-पंधरा दिवसांत पुसलं जातं म्हणून घाई असते.

मागच्या गळीत हंगामात एका कृषी सेवा केंद्राचं शटर उचकटून महागड्या औषधांचे बॉक्स नेले. दुकानाच्या स्वतःच्या कॅमेऱ्याची वायर कापलेली, म्हणून रस्त्यापलीकडच्या दुकानाचं फुटेज काढायला मला बोलावलं. तो कॅमेरा मीच बसवलेला.

मी डीव्हीआरला हात लावायच्या आधी एक काम करतो, स्क्रीनवरची वेळ आणि माझ्या मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत घेतो. नेट नसलेल्या जुन्या डीव्हीआरचं घड्याळ लाईट जाऊन येऊन कुठंच्या कुठं गेलेलं असतं. ह्याचं एक तास दहा मिनिटं पुढं होतं. ते मी हवालदारांना सांगून पंचनाम्यात लिहायला लावलं, ते म्हणाले "राहू दे की", मी म्हटलं नाही, लिहाच. १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष अधिनियम आलाय, त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राबरोबर फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलवरून निघणारा तिचा आकडा, द्यावी लागते, नंतर कुणी फाईलला धक्का लावला तर आकडा बदलतो आणि कळतं. तेही दिलं. ह्या कामात मी कधी कसूर केलेली नाही.

आता फुटेजचं सांगतो कारण सगळा घोळ तिथंच आहे. दोन मेगापिक्सेलचा बुलेट कॅमेरा, २.८ मिलिमीटरची लेन्स, मालकाला सगळा रस्ता दिसायला पाहिजे होता म्हणून. ही लेन्स जवळपास शंभर अंशात बघते, तीस फुटांवर तिच्यात सत्तर फूट रुंदीचा भाग येतो, आणि त्या सत्तर फुटांत १९२० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, वाटायचे. हिशेब केला की माणसाच्या चेहऱ्याच्या वाट्याला पंधराएक पिक्सेल येतात. अनोळखी माणूस नक्की ओळखायचा तर मीटरला २५० पिक्सेल लागतात असं आमच्या धंद्यातलं आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे चेहऱ्याला चाळीस तरी. वर रात्र, सगळं पांढरं-राखाडी. मी तपासावरच्या साहेबांना तिथंच सांगितलं, "साहेब, ह्यात माणूस आहे एवढं कळतं, उंचीचा अंदाज येतो, पण चेहरा नाही." साहेबांनी मान हलवली, मोबाईल काढला आणि मॉनिटरचाच फोटो घेतला. असंच करतात सगळीकडं. मी हॅश काढून दिलेली फाईल पाकिटात सीलबंद, आणि तपास चालतो मोबाईलवर काढलेल्या फोटोवर.

पाचव्या दिवशी दुपारी परत फोन, फुटेज चालत नाही, लॅपटॉप घेऊन ये. गेलो तर बाकावर एक पोरगा बसलेला, पंचविशीतला, अंगावर उसाची धूळ. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. शेजारी त्याचे वडील, सकाळपासून तिथंच. साहेबांनी खुशीत फोन दाखवला, डावीकडं एक फोटो, उजवीकडं एक, खाली ८३, म्हणजे दोन चेहऱ्यांत ८३ टक्के साम्य.

डावीकडचा फोटो बघून मला काही सुचेना. स्वच्छ चेहरा, भुवया, मिशी. मी म्हटलं, "साहेब हा कुठनं आला?" "तुझाच की रे, क्लिअर करून घेतला ॲपमधनं."

आमच्या फ्रेममध्ये त्या जागी टोपीची पट्टी होती का सावली होती हे मला स्वतःला कळलं नव्हतं, मी चार वेळा झूम करून बघितलेलं. ॲपने तिथं मिशी काढली होती. मॉनिटरच्या रेघा फोटोत उमटलेल्या, त्या गालावर सुरकुतीसारख्या झालेल्या. ही ॲप्स हरवलेलं काही परत आणत नाहीत, मुळात नसलेलं परत येणार कुठनं, ती हजारो चेहऱ्यांवरून शिकलेला एखादा चेहरा भरून देतात. म्हणजे जगात नसलेला एक माणूस तयार झाला आणि त्याच्यासारखा दिसणारा बाकावर आणून बसवला.

उजवीकडचा फोटो कुठला तर दोन वर्षांपूर्वी रात्री नाकाबंदीत थांबवून ट्रॅक्टरसमोर उभं करून काढलेला. गुन्हा नाही, अटक नाही. नुसता फोटो.

वडिलांनी तंबाखूच्या पुडीतनं घडी केलेली कारखान्याच्या काट्याची पावती काढली. चोरीच्या रात्रीचं भरल्या गाडीचं वजन, वेळ १:४८. कारखाना गावापासून अठरा किलोमीटर. साहेब म्हणाले, फुटेजमध्ये ३:०५ आहे, सव्वा तासात मोटारसायकलवर कोण पण येतो. मी म्हटलं साहेब, पंचनामा काढा. दुसऱ्या पानावर होतं. एक तास दहा मिनिटं पुढं. म्हणजे खरी वेळ १:५५, सात मिनिटांत अठरा किलोमीटर. साहेबांनी ते दोनदा वाचलं, बराच वेळ बोलले नाहीत. माणूस वाईट नाही, व्यापाऱ्यांची निवेदनं, वरून रोज विचारणा, हे मी डोळ्यांनी बघतो. पण स्वतःचा पंचनामा पाच दिवस न वाचता फोनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवला, आणि ती पावती बापाकडं नसती तर?

रात्री आठला सोडलं. बाहेर पोरगा मला म्हणाला, "दादा, माझा फोटो आता काढून टाकतील ना?"

ह्याचं उत्तर मी अजून शोधतोय. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं होतं की कॉम्प्युटरवर चेहरे ताडून बघताना ८० टक्क्यांच्या वर साम्य आलं की ते जुळलं असं धरतात. पण ८० टक्के कशाचे, ॲपने बनवलेल्या चेहऱ्याचे? हैदराबादला २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये एका कार्यकर्त्याने मास्क काढायला नकार दिला तरी पोलिसांनी त्याचा फोटो काढला, तो हायकोर्टात गेला. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात मापं, फोटो ७५ वर्षं ठेवायची सोय आहे, निर्दोष सुटला तर नष्ट करायची पण तरतूद आहे. पण ह्या पोराला अटकच नाही, खटला नाही, मग सुटल्याचा कागद कुठनं आणायचा? सुप्रीम कोर्टाने २०१७ ला खासगीपणा मूलभूत हक्क म्हणून सांगितला, तो नाक्यावरच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरला पण आहेच की. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "ते वरती असतं, आमच्या हातात नाही."

माझा एक धंद्यातला मित्र म्हणतो, आपण फुटेज द्यायचं आणि घरी यायचं. मला ते पटत नाही, कॅमेरा मी लावलाय, फाईल मी दिलीय. आता मी दाराच्या तोंडावर ६ मिलिमीटरची, जवळचं मोठं दाखवणारी लेन्स वेगळी लावतो, मालकाने नाही म्हटलं तरी समजावतो. आणि फुटेज देताना कागदावर लिहितो, अमुक अंतर, चेहऱ्याला इतके पिक्सेल, ओळखण्यायोग्य नाही. एका ठिकाणी हे वाक्य खोडायला सांगितलं, मी खोडलं नाही.

त्या पोराचा अर्ज मीच लिहून दिला, नाकाबंदीतला फोटो काढून टाकावा म्हणून. उत्तर आलेलं नाही. आवकचा शिक्का मारलेली झेरॉक्स त्याच्याकडं आहे, रात्रीच्या खेपेला नाक्यावरून जाताना तो ती खिशात ठेवतो.