वेळापूरची दुपार आणि सोळखांबीतला लेख

वारीतलं फलटण, बरड, नातेपुते सगळं एकात एक मिसळलंय. पाऊस कुठल्या तळावर झोडपून गेला, हेही आठवत नाही. वेळापूरची दुपार तेवढी लख्ख आहे.

धाव्याला, म्हणजे पंढरीच्या ओढीने सगळे वारकरी एकदम पळतात तेव्हा, दिंडीबरोबर पळाले आणि टाचेचा फोड टरारून फुगला. तळावर भोंग्यांचा कालवा, डोकं उठलेलं. लंगडत अर्धनारीनटेश्वराच्या देवळात गेले. यादवकाळातलं देऊळ. घडीव दगड खाचेत खाच बसवून रचलेले. बाहेर अंग भाजत होतं आणि आतला खांब गार होता. त्याला पाठ टेकून बसले. हरिपाठही सुचेना, इतकी चिडले होते.

लातूरकडच्या एक आजी शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "पाय इकडं कर, माउली." मी संकोचले, तर त्यांनी पाय सरळ मांडीवरच ओढून घेतला. चंचीतून सुई काढली, दोरा तेलात बुडवला आणि फोडातून आरपार ओवला. दोन्ही टोकं बाहेर ठेवली. "दोरा उपसू नको. पाणी आपसूक झिरपतंय." त्यांच्या स्वतःच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. नाव विचारलं तर म्हणाल्या, "माउलीच म्हण की." कुठल्या दिंडीच्या, तेही विचारायचं राहिलं, कारण तेवढ्यात त्यांना हाक आली. वाखरीच्या रिंगणात प्रत्येक हिरव्या लुगड्याकडे बघत होते. दिसल्या नाहीत.

पंढरीत चंद्रभागेचं स्नान, मग दर्शनबारी. रात्रभर उभं राहायचं आणि ओळखीवर मध्ये शिरणारे बघायचे. संताप येतो, आणि त्याच क्षणी शेजारचा टाळ धरतो, की आपणही 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणायला लागतो.

नामदेव पायरीशी मन दरवेळी अडतं. समोरच चोखोबांची समाधी, उंबऱ्याबाहेर. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे हे दार सगळ्यांना उघडलं. चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी! तिथे डोकं टेकताना मला अजून रडू येतं.

आत 2024 च्या जतनाच्या कामात चांदीचा पत्रा, वरून बसवलेल्या फरश्या निघाल्या आणि जुना काळा पाषाण मोकळा झाला. फार बरं झालं. सोळखांबीत, म्हणजे सोळा खांबांच्या मंडपात, चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे. 1273 ते 1277 या काळात देवळाला कुणी काय दिलं, त्याची यादी. रामचंद्रदेव यादव आणि हेमाद्रिपंडित त्यात आहेत, पण नुसते राजे-प्रधान नाहीत, किती तरी भक्तमंडळी आहेत. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पाठ घासली, अक्षरं झिजली. मला ते देणाऱ्यांच्या नावांसाठी वाचायचं होतं. मागून रेटा आला, "चला, चला माउली." गरुडखांबाला ओझरता हात लागला, आणि समोर विठोबा. पायांवर डोकं ठेवलं. मागितलं काहीच नाही, त्या आजींच्या टाचा तेवढ्या आठवल्या.

एक मात्र मनापासून वाटतं. दर्शनबारीत माणसं तासन्‌तास उभी असतात. त्यांना तो लेख कुणीतरी ओळीओळीने वाचून दाखवावा, सोप्या मराठीत, देणाऱ्या प्रत्येकाच्या नावासकट.