‘माउली’ नेमके कोणाला?
आज दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी आल्या. ज्ञानोबांची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात. दरवर्षी मी कडेला उभा राहून फोटो काढतो आणि घरी येतो, यंदा मात्र शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर वारकऱ्यांचे पाय चोळून देण्याच्या सेवेला बसलो. (खरे सांगायचे तर, पहिली दहा मिनिटे ओळखीचे कोणी पाहत तर नाही ना, याकडेच माझे लक्ष होते.) सत्तरीच्या एक आजी समोर येऊन बसल्या, टाचांच्या भेगांत काळी माती रुतलेली, अंगठ्याला चिंधी बांधलेली. तेल लावून झाल्यावर मी नमस्कारासाठी वाकणार, तोच त्यांनीच ‘माउली’ म्हणत माझ्या पायांना हात लावला आणि मी दचकून मागे सरकलो. वारीत वय, जात न पाहता एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे, हे मला ठाऊक होते. पण नाव, आडनाव, हुद्दा यांतले काहीही न विचारता कोणी आपल्याला माउली म्हणते, तेव्हा ते नेमके कोणाला म्हणते, हा प्रश्न मला आज पहिल्यांदाच पडला. उत्तर सुचण्याआधीच आजींनी तुळशीवृंदावन डोक्यावर घेतले आणि ‘परवा दिवे घाट चढायचाय’ म्हणत त्या दिंडीकडे निघूनही गेल्या.