गोल पिनेचा हार्डनेस आणि इनवर्डचं टेबल : माझा अनुभव

भोसरीतल्या आमच्या शॉपमधून 12 मिलिमीटरच्या पिना जातात. ईएन 8 या साध्या कार्बन स्टीलच्या पिना लोडखाली वाकायच्या, म्हणून कस्टमरने ईएन 24 हे जास्त ताकदीचं अलॉय स्टील मागितलं आणि ड्रॉइंगवर हार्डनेस (कडकपणा) टाकला, 44 ते 48 एचआरसी, म्हणजे रॉकवेल मशीनच्या सी स्केलवरचा आकडा. टर्निंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, सगळं वेळेत झालं. माल अडकला तो कस्टमरच्या इनवर्डला, म्हणजे आलेला माल तपासतात तिथे.

तिथल्या साहेबांनी पिन रॉकवेल मशीनवर आडवी ठेवली, गोल अंगावरच डायमंड टेकवला. 43. दुसरी पिन, पुन्हा 43. क्रेटला लाल टॅग, म्हणजे माल नापास. वर म्हणे, ‘परत हार्डनिंग करून आणा!’ ग्राइंड झालेला माल परत भट्टीत घातला की साइजही जाणार आणि सरळपणाही. पण हे ऐकायला साहेब जागेवर हवेत ना! कधी जेवायला, कधी मीटिंगला, मग थेट रजेवर.

रॉकवेलला आपण मोजतो काय? 150 किलोच्या भाराखाली डायमंडचा सुळका किती खोल रुततो ते. सपाट जागी आजूबाजूचा धातू रेटा धरतो. गोल अंगाला दोन्हीकडे उतार, त्यामुळे दबलेला धातू बाजूला सरकतो, सुळका जास्त आत जातो आणि आकडा एक-दोनने कमी दिसतो. किती अंक मिळवायचे याचा व्यासानुसार तक्ता असतो. तो त्यांच्याच भिंतीवर होता, कॅलेंडरच्या मागे.

शेवटी त्यांच्यासमोर एक पिन कापली, दोन्ही तोंडं समांतर ग्राइंड केली आणि सपाट तोंडावर डायमंड टेकवला. 45. टॅग निघाला. सॉरी वगैरे कोणी म्हटलं नाही.

कापताना कूलंट भरपूर सोडा, नाहीतर कडा तापून मऊ पडते. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे लॉटबरोबर एक टेस्ट पीस द्याच. टेम्परिंगमध्ये, म्हणजे कडक केलेली पिन पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवण्यात, घाई करू देऊ नका. भट्टीतून काढून तेलात बुडवल्यावर स्टीलमध्ये अडकून बसलेला कार्बन स्फटिकातले थर सरकू देत नाही, म्हणून पिन वाकत नाही. पण तेवढ्यावरच सोडली तर झटक्याला तुटेल. आणि हो, हे खरं तर सगळ्यात आधीचं: टर्निंगलाच ग्राइंडिंगपुरता माल राखा, कारण भट्टीत वरच्या सालीतला कार्बन उडतो आणि ती साल मऊ राहते.

ड्रॉइंगवर ‘हार्डनेस टोकाच्या सपाट तोंडावर तपासावा’ एवढी ओळ टाकून घ्या. आमच्या पुढच्या ऑर्डरवर ती आली आहे, खाली सही त्याच साहेबांची.