लहान व्हायला तयार नसलेल्या गोष्टी

दिवाळीच्या तोंडावर बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीत शिरा. कोपऱ्याला दगड-विटांची रास, तिच्यावर ओलं पोतं आणि पोतंभर लाल मातीचा चिखल दिसणारच. दोन-तीन दिवसांत त्याचा गड होतो. बुरूज येतात, तळं येतं, मावळे पहाऱ्याला उभे राहतात. मग मोठी माणसं येतात, खिशातून फोन काढतात आणि उभ्या उभ्या, वरून खाली, एक फोटो मारून जातात. फोटोत गडापेक्षा मागची स्कूटर आणि पोरांच्या चपलाच ठळक. इतक्या खपून केलेला किल्ला फोटोत खेळणं दिसतो, यात किल्ल्याची चूक काही नसते. फोटो काढणाऱ्याचे गुडघे वाकत नाहीत, एवढंच.

बाजारात मिळणारा मावळा साधारण ८ सेंटिमीटरचा. तो साडेपाच फुटी गडी मानला तर आपला किल्ला खऱ्याच्या सुमारे एकविसाव्या हिश्शाचा झाला. त्याचे डोळे जमिनीपासून साडेसात सेंटिमीटरवर असतील, तर कॅमेऱ्याचं भिंगही तेवढ्याच उंचीवर हवं. फोनचं भिंग वरच्या कोपऱ्यात असतं, म्हणून फोन उलटा धरायचा, भिंग मातीला टेकत आलं पाहिजे. या उंचीवरून क्षितिजाची रेघ प्रत्येक मावळ्याच्या डोळ्यांतून जाते, मग तो जवळ असो वा लांब. रस्त्यात उभं राहून गर्दीकडे पाहिलं तर असंच दिसतं, आणि मेंदू याच खुणेवरून माप ठरवतो. भिंग वर गेलं, क्षितिज सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं, की राक्षसानं खाली वाकून पाहिल्यासारखं होतं. खाली उतरण्याचा आणखी एक फायदा म्हणजे स्कूटर तटामागे लपते आणि चौकटीत आभाळ येतं.

कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, हे या सगळ्या फसवणुकीचं भांडवल. दोन डोळ्यांना अंतर कळतं. एका डोळ्याला फक्त कोन कळतो. किल्ला तलावाजवळचा ध्वजस्तंभ ११० मीटर उंच आहे. त्याच्यापासून ३०० मीटर लांब उभं राहा आणि मित्राला कॅमेऱ्यापुढे ३ मीटरवर उभा करा. स्तंभ त्याच्या हातात ११० सेंटिमीटरच्या काठीएवढा येतो, वारकऱ्याच्या खांद्यावरच्या पताकेसारखा. हिशेब त्रैराशिकाचाच आहे: मित्र शंभरपट जवळ, म्हणून त्याच्या शेजारी खांब शंभरपट लहान. मूठ स्तंभाच्या बुडावर यायला हवी. तिथे झाडं, भिंती असं जे काही दिसतं ते मुठीनं झाकलं पाहिजे. मित्राला "जरा डावीकडे" म्हणत बसू नका. तो बोटभर हलायला जातो आणि पाऊलभर सरकतो. कॅमेराच हलवावा, तोही बोटभर.

किल्ल्यावर हीच युक्ती जास्त खुलते, कारण मावळे दोन मापांत मिळतात. १० सेंटिमीटरचा एक पुढे घ्या, भिंगापासून ६० सेंटिमीटरवर. ५ सेंटिमीटरचा दुसरा मागे, ९० वर. पहिला खऱ्या माणसाच्या सतराव्या हिश्शाचा, म्हणून तो १० मीटरवर उभा असल्यासारखा भासतो. दुसरा चौतिसावा हिस्सा, तो ३० मीटरवर. मधली जागा प्रत्यक्षात फूटभर, फोटोत २० मीटर. म्हणूनच राजसदरेवर महाराज दरवाजापेक्षा मोठे बसवले असतील तर निदान फोटोपुरते त्यांना पुढे आणावं. एक अट मात्र पाळावी लागते: दोन मावळ्यांमधली जमीन सलग दिसता कामा नये. सलग मातीवरून नजर मागे सरकत गेली की लबाडी तिथेच उघडी पडते. मध्ये एक बुरूज किंवा तटाचा तुकडा घाला आणि मागच्याचे पाय त्याच्याआड जाऊ द्या.

आता धूसरपणा. सगळ्यात जास्त फोटो इथेच मरतात. जवळची वस्तू टिपताना मागचं पुसट होतं आणि मेंदू त्या पुसटपणावरूनच ओळखतो की वस्तू हातभर अंतरावर आहे. ३० मीटरवरचा खरा शिपाई असा पुसट होत नाही. म्हणून फोनमधला पोर्ट्रेट मोड इथे शत्रू समजा. तो मुद्दाम मागचं पुसतो. फोन फार जवळ नेला की काही फोन आपणहून रुंद भिंगावर उडी मारतात आणि जुळवलेली चौकट विस्कटते. ते मॅक्रो बंद करून ठेवावं. फोकस ६० वरच्या मावळ्यावरही नको आणि ९० वरच्यावरही नको, ७२ च्या आसपास हवा, म्हणजे मधल्यापेक्षा किंचित अलीकडे. तिथे नेमकी एक काडी रोवा, तिच्यावर फोकस लॉक करा आणि काडी काढून घ्या. मागे खरा डोंगरही स्वच्छ हवा असेल तर फोनला ते झेपत नाही. १८-५५ चं साधं भिंग असलेला कॅमेरा घ्या: १८ मिलिमीटर, एफ/१६ (म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक), फोकस सुमारे १ मीटरवर, मग अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. एफ/२२ चा मोह नको; छिद्र इतकं बारीक झालं की सगळंच मऊ पडतं. शटर मंदावतो आणि हात हलला की फोटो बिघडतो, म्हणून कॅमेऱ्याखाली किलोभर तांदळाची पिशवी आणि २ सेकंदांचा टायमर.

उजेड फक्त सूर्याचा. सकाळी ऊन तिरपं असताना बुरुजाच्या सावल्या लांब आणि एकमेकींना समांतर पडतात. तेच फोनच्या टॉर्चनं केलं तर सावल्या पंख्यासारख्या फाकतात. दिवा दोन हातांवर आहे हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही.

इथवर कोन आणि माप. पण काही वस्तूंना आपण लहान केलंय हे मान्यच नसतं. मातीचा कण घ्या. मिलिमीटरभराचा खडा या मापात २ सेंटिमीटरची खडी होतो, आणि सदरेपुढे खडी पसरलेली बरी दिसत नाही. वर दिसणारी मातीची शेवटची पातळ थर पिठाच्या चाळणीतून गाळून टाकावी (चाळण घरात परत देताना काय ऐकावं लागेल, ते ज्याचं त्यानं पाहावं). मोहरी चार-पाच दिवस आधी पेरली तर ३ सेंटिमीटरची रोपं येतात, म्हणजे ६० सेंटिमीटरचं गवत, ते चालतं. मात्र मोहरीचं पान रुंद, जवळ आलं की केळीच्या पानासारखं दिसतं. कॅमेऱ्याजवळ नाचणीच पेरावी, तिची पाती बारीक. मोहरी मागच्या उतारावर.

पणतीची ज्योत ३ सेंटिमीटरची, म्हणजे गडावर ६० सेंटिमीटरचा भडका. मशाल म्हणून ठीक, घरातला दिवा म्हणून नाही. आणि पाणी तर सगळ्यात हट्टी. त्याचा थेंब राजगडावरही तेवढाच आणि आपल्या गल्लीतल्या गडावरही तेवढाच, त्यामुळे सलाईनच्या नळीतून सोडलेला धबधबा ठिबकणाऱ्या नळासारखा दिसतो. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले तर पाणी बारीक फुटतं; तिसरा टाकला तर तळ्याला फेस येतो.

त्याहून मोठी अडचण वेळेची. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा. वरून सुटलेल्या पाण्याला खाली पोचायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. आपल्या गडावरचं फूटभर पाणी पाव सेकंदात खाली. डोळ्याला आकडे ठाऊक नसतात, पण पडण्याची चाल तो लगेच ओळखतो. व्हिडिओ काढायचा तर चाल मापाच्या वर्गमुळाइतकी कमी करावी लागते: २१ चं वर्गमूळ साडेचारच्या जरा वर. फोनमधला सेकंदाला १२० चौकटींचा स्लो-मोशन ३० वर चालवला की चौपट मंद होतो, बऱ्यापैकी जमतं. २४० घेतला तर आठपट, पाणी काकवीसारखं उतरतं.

उलटा खेळही याच जिनसांवर चालतो. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढा. दिवाळीच्या सुमाराला खाली सुगी सुरू असते: भाताच्या गंज्या, ट्रॅक्टर, माणसं. आभाळ चौकटीबाहेर ठेवून तिरपं खाली पाहत फोटो घ्या, मग फोनमधल्या कुठल्याही एडिटरमध्ये मधला आडवा पट्टा स्पष्ट ठेवून वरचा आणि खालचा भाग पुसट करा, रंग थोडे भडक करा. जो पुसटपणा गल्लीतल्या गडाचा घात करत होता, तोच इथे खरं शिवार खेळण्यातलं करून टाकतो. पट्ट्यात उंच झाड किंवा देवळाचं शिखर येऊ देऊ नका. बुंधा स्पष्ट आणि शेंडा पुसट अशी एकच वस्तू अर्धी कापली गेली की सगळा बनाव फुटतो. व्हिडिओ असेल तर इथे उलट चौपट वेगानं चालवायचा, म्हणजे ट्रॅक्टर चावी दिल्यासारखा तुरुतुरु पळतो.