त्सॉइगहाउस १:२०० – बावीसपैकी तेरा मुखवटे जमले

त्सॉइगहाउस म्हणजे बर्लिनचे जुने शस्त्रागार; त्याचा १:२०० प्रमाणातला नमुना मी घडवते आहे. मागची नोंद लिहिली तेव्हा त्याची दक्षिणेकडची दर्शनी भिंत उभी राहिली होती आणि बाकीच्या तिन्ही बाजू पावसाळ्यापूर्वी आटोपतील असे मी कळवले होते. तसे झाले नाही. गेले अडीच महिने मी इमारतीच्या आतल्या चौकातल्या बावीस मुखवट्यांपाशी अडकून पडले होते. गेल्या रविवारी पहाटे त्यांतला पहिला मनासारखा उतरला आणि आज तेरा तयार आहेत, म्हणून ही नोंद.

हे मुखवटे इतके महत्त्वाचे का, ते आधी सांगते. आन्द्रेआस श्ल्यूटर या शिल्पकाराने चौकातल्या तळमजल्याच्या खिडक्यांवर, कमानीच्या माथ्याच्या दगडावर, मरणाऱ्या योद्ध्यांची २२ शिरे कोरवून घेतली. बाहेरच्या भिंतींवर त्याच जागी दिमाखदार शिरस्त्राणे आहेत; म्हणजे रस्त्यावरून विजयाचा थाट दिसतो आणि दरवाजातून आत गेल्यावर त्या शिरस्त्राणांखालची माणसे दिसतात. कोणाचे तोंड वेदनेने उघडे राहिले आहे, कोणाचे डोळे मिटले आहेत, कोणी पिकल्या दाढीचा म्हातारा आहे. तोफा आणि बंदुका ठेवण्यासाठी राजाने बांधलेल्या इमारतीच्या पोटात हे असावे, यासाठीच मी ही वास्तू निवडली. मुखवटे साधले नाहीत तर उरलेली इमारत कितीही नेटकी झाली तरी तिला अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे.

अडचण आकाराची आहे. मूळ इमारतीची बाजू ९० मीटर, म्हणून आपल्या प्रमाणात ४५ सेंटिमीटर. त्या हिशेबाने एक शिर जेमतेम तुरीच्या डाळीएवढे होते. आधी मी ती रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतली. दुकानदाराने एकाच फाइलच्या बावीस प्रती काढल्या, आणि आधाराच्या काड्या तोडताना बहुतेकांची नाके गेली. दुसऱ्या खेपेस निरनिराळ्या फाइली दिल्या, तेव्हा चेहरे वेगळे आले खरे, पण रंगाचा हात बसताच सगळे सारखेच गुळगुळीत दिसू लागले. त्यानंतर इपॉक्सी पुट्टीचे गोळे टाचणीच्या डोक्यावर बसवून, घड्याळजी वापरतात त्या भिंगाखाली, नाक, भुवया, गाल असे एकेक चढवत गेले. असे एकोणीस चेहरे मी फेकून दिले.

चूक चढवण्यात होती, हे फार उशिरा लक्षात आले. एवढ्या लहान आकारात डोळा गाल पाहत नाही, सावली पाहतो. म्हणून आता पुट्टी अर्धी घट्ट झाली की अकरा नंबरच्या सर्जिकल ब्लेडने फक्त तीन गोष्टी काढते: तोंडाचा खड्डा, डोळ्यांच्या खोबणी आणि केसांची दिशा. मग शिर किंचित एका कुशीला कलवून बसवते. पूर्ण वाळल्यावर पातळ केलेला तपकिरी रंग वरून सोडला की तो खड्ड्यांत उतरतो, आणि रविवारी त्या डाळीएवढ्या गोळ्यातून अचानक एक म्हातारा माझ्याकडे पाहत होता. मी तो दिवा चारही बाजूंनी फिरवून कितीतरी वेळ पाहिला. ब्लेड औषधांच्या दुकानातूनच घ्या. हस्तकलेच्या संचांतल्या सुऱ्यांची धार दोन चेहऱ्यांतच जाते.

भिंतींबद्दल थोडक्यात: पाण्यावरच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला माउंटबोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, दमट हवेत धनुष्यासारखा वाकला, त्यामुळे पूर्वेची बाजू नव्याने कापावी लागली. बोर्ड मात्र अप्पा बळवंत चौकातला उत्तम निघाला.

काळाचा निर्णयही मुखवट्यांनीच बदलायला लावला. मूळ बेत १८८०च्या सुमाराचे रूप दाखवण्याचा होता, म्हणजे वास्तुविशारद फ्रीडरिश हित्सिगने प्रशियन सैन्याचे कीर्तिमंदिर म्हणून बदललेले, चौकावर काचेचे छत असलेले. पण त्या छताखाली शिरे दिसेनात, म्हणून मी मागे १८४८वर आले. तेव्हा चौक उघडा होता, आणि त्या वर्षी १४ जूनला जनतेच्या हाती शस्त्रे द्या म्हणणारा जमाव याच इमारतीत घुसून हत्यारे घेऊन गेला होता. त्याआधीचा इतिहासही भिंतींत आहेच: पायाभरणी १६९५ची, आराखडा करणारा नेरिंग त्याच वर्षी वारला, पुढे ग्र्यूनबेर्ग आणि मग श्ल्यूटर आले, बांधकामाचा काही भाग कोसळल्यावर १६९९मध्ये काम झाँ द बोत याच्याकडे गेले, आणि सगळे पुरे व्हायला १७३० उजाडले. छताच्या कठड्यावरची शस्त्रांची शिल्पे १८४८च्या रूपातही हवीतच. ती पुढच्या खेपेस.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट खटकली आणि मी उठून नमुन्यात डोकावून पाहिले. चौक उघडा ठेवला तरी वरून पाहणाऱ्याला समोरच्या भिंतीवरची शिरे तिरपीच दिसतात, आणि जवळच्या भिंतीवरची तर दिसतच नाहीत. तेव्हा नमुना दोन भागांत करावा असे आता मनात आले आहे. पूर्व आणि पश्चिम बाजूंना मधला दरवाजा सोडून, दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीतून छेद घ्यायचा, आणि दक्षिणेचा अर्धा भाग ड्रॉवरच्या चॅनेलवर पुढे सरकेल असा बसवायचा. दर्शनी भिंत अखंड राहील आणि दोन्ही अर्ध्यांच्या मधून चौकात डोळ्याच्या उंचीवर पाहता येईल. नव्याने कापलेली पूर्वेची बाजू पुन्हा कापावी लागेल, पण अजून ती चिकटवलेली नाही, हे बरे झाले.

उरलेल्या नऊ शिरांची पुट्टी आज रात्री मळते आहे. चॅनेलसाठी १२ मिलिमीटरचा प्लायवूड पुरेल की १८चा घ्यावा, हे ज्यांनी सरकते नमुने केले आहेत त्यांनी शनिवारपूर्वी कळवावे. त्या दिवशी मी लाकडाच्या वखारीत जाणार आहे.