खुनी कोण ते कळेपर्यंत चालायचं

अटॅक येऊन गेला, स्टेंट पडला, घरी आलो तर डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली लिहिलेलं, रोज चालणे, सुरुवातीला 5-10 मिनिटं, हळूहळू 30 पर्यंत. गोळ्यांखाली लिहिलं म्हणून की काय, मी ते औषधासारखंच घ्यायला लागलो, नाक दाबून. त्यात भीती वेगळीच. छातीत जरा गॅस सरकला की मी बाकावर, बोटं नाडीवर.

मग मनगटावरच्या घड्याळाचा नाद लागला. कितीही रेटा, आकडा 95 च्या वर जाईना, म्हटलं झालं, इंजिन कामातून गेलं. फिजिओ हसायलाच लागली. म्हणाली काका, बीटा ब्लॉकर चालू आहे ना, ती गोळी ठोके फार वाढू देत नाही, त्या आकड्यावर जाऊ नका. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये, इतकंच बघा. (मला बसूनही गाता येत नाही, ते सोडा.)

खरा फरक पडला तो रहस्यकथेने. मुलीने मोबाईलमध्ये ऑडिओबुक टाकून दिलं आणि मी अट घातली, पायात बूट असतील तरच ऐकायचं. तिसऱ्या दिवशी गोष्टीत प्रेत सापडलं आणि नेमकी माझी 15 मिनिटं संपली. दारात उभा, आत जाववेना, मग गेटपर्यंत अजून एक फेरी मारली, अगदी सावकाश. बायकोचा फोन, कुठे पडलात की काय? म्हटलं नाही गं, वकिलाने खोटी साक्ष दिलीय.

एकदा मात्र असाच ऐकता ऐकता भरभर चालताना गपकन थांबलो आणि डोळ्यापुढे अंधारी आली. एकदम थांबलं की रक्त पायात साचतं, बीपी उतरतं. तेव्हापासून शेवटची 5 मिनिटं रमतगमतच. छातीत दुखलं तर मात्र खुनी गेला खड्ड्यात, तिथेच थांबायचं, जिभेखालची गोळी खिशात असतेच.

आता दुसरं पुस्तक चालू आहे, आणि बायकोही येते. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. तिला दर मिनिटाला सांगावं लागतं कोण कुणाचा मेहुणा ते, त्यामुळे बोलायची टेस्ट आपोआप होते.