पाठ भिंतीला टेकवून

रहस्यकादंबरी कोणत्याही अवस्थेत वाचता येते. लोकलमध्ये उभ्याने, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, एका हाताने पोळीचा तुकडा मोडत आणि दुसऱ्या हाताने पान उलटत, ती कुठेही चालते. भयकादंबरीला मात्र पाठीमागे भिंत लागते. हा नियम मला कोणी शिकवला नाही आणि तो पाळणारा मी एकटाच नसावा. खुनाची गोष्ट वाचताना आपले सारे लक्ष पुढे काय होणार याकडे असते. भुताची गोष्ट वाचताना ते हळूहळू आपल्या मागे काय आहे याकडे वळते, आणि कधी वळले ते आपल्याला कळतही नाही.

माझी सुरुवात अर्थातच रहस्यकथांपासून झाली. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे आमच्या वाचनालयात निदान त्या बाबतीत कधी टंचाई जाणवली नाही. तपकिरी कागदाचे वेष्टन, दाभणाने शिवलेली पाने आणि आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी अशा थाटातली ती पुस्तके पन्नास हातांतून फिरून आलेली असत. त्या पन्नासांपैकी कोणी एक महात्मा पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवी. त्या अज्ञात वाचकाला मी मनातल्या मनात इतके शाप दिले आहेत, की त्यातले दोन जरी लागले असतील तरी त्याचे काही खरे नाही.

पुढे भयकथांकडे वळलो तेव्हा लक्षात आले, की इथे त्या पेन्सिलीचे काही चालत नाही. विहिरीत काहीतरी आहे, असे कोणी पहिल्या पानावर लिहून ठेवले, तरी नायिका कळशी घेऊन निघाली की पोटात गोळा येतोच; उलट आपल्याला ते आधी कळलेले असल्यामुळे तो थोडा लवकर येतो. चित्रपट दिग्दर्शक हिचकॉक यांनी टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देऊन हेच सांगितले होते. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे त्याला आधी सांगून टाकले आणि टेबलाशी बसलेली माणसे निवांत गप्पा मारत राहिली, तर तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून बसतो.

रहस्यकादंबरीचा आणखी एक चहाडखोर म्हणजे पुस्तकाची जाडी. इन्स्पेक्टरने बेड्या ठोकल्या आणि उजव्या हाताखाली अजून साठ पाने शिल्लक असली, तर पकडलेला माणूस निरपराध आहे हे अंगठ्याला आधी कळते. मोबाइलवर वाचताना ही सोय नाही, आणि केवळ एवढ्या एका कारणासाठी मी त्या वाचनाला थोडे अधिक गुण देतो.

भयाच्या बाबतीत मात्र माझी खरी शिकवणी आजीकडे झाली. रात्री सापाला साप म्हणायचे नाही, जनावर म्हणायचे, हा तिचा दंडक होता. नाव घेतले की ते येते, असे ती म्हणे. तिच्याजवळ भुतांची पक्की यादी होती आणि त्या यादीतल्या प्रत्येकाचा ठावठिकाणा ठरलेला होता: मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानातल्या वाटेवर. त्यामुळे तिची भुते ऐकताना भीती वाटे, पण तिच्यात एक सोय असे. तिन्हीसांजेला पिंपळाखालून गेले नाही, की काम भागले.

नारायण धारपांनी ही सोय काढून घेतली. त्यांच्या कादंबऱ्यांतले अशुभ पिंपळाला बांधलेले नसते. ते भाड्याने घेतलेल्या घरात येते, जुन्या सामानातून येते, नुकत्याच ओळख झालेल्या सभ्य शेजाऱ्याच्या बोलण्यातून येते. आणि बराच वेळ त्याला नावच नसते. एक वास, थोडा गारवा, बंद केलेले आणि पुन्हा उघडे सापडलेले दार, एवढ्यावर पन्नास पाने जातात. आजीचाच दंडक पाळल्यासारखे ते त्याला नुसते ‘ते’ म्हणत राहतात, आणि त्या एका अक्षराला जी थंडी असते ती उलट्या पावलांच्या सविस्तर वर्णनाला नसते. पुढे त्यांचा नायक समर्थ येतो, सारे समजावून सांगतो, त्या शक्तीशी दोन हात करतो आणि वाचकाचा श्वास मोकळा होतो. समर्थाविषयी मला आदर आहे. पण खरे सांगायचे तर तो दारात दिसला, की माझी पाठ भिंतीपासून सुटते आणि तिथून पुढे मी ती कादंबरी रहस्यकथेसारखी वाचू लागतो, म्हणजे अंगठ्याने. मला आवडतो तो त्याच्या येण्याआधीचा भाग, जिथे घरातली माणसे चहा घेत असतात आणि कपांची संख्या मोजावीशी वाटते.

हे सारे अर्थात पुस्तक हातात असतानाचे. खरी परीक्षा ते मिटल्यावर सुरू होते. वाड्यात राहत होतो तेव्हा मोरी चौक ओलांडून पलीकडे होती, आणि मध्ये साठ वॅटचा एकच दिवा, तोही बहुधा गेलेला. भुतावर माझा विश्वास नाही, हे वाक्य मी त्या चौकात अनेकदा, पुष्कळ मोठ्याने म्हटले आहे. आता फ्लॅटमध्ये ते अंतर दहा पावलांवर आले. पण दिव्याचे बटण पॅसेजच्या त्या टोकाला असल्याने दिवा लावून यावा तर अंधारातून जायचे आणि दिवा मालवून परतावे तर अंधार पाठीशी, अशी कोंडी कायम राहिली.

गेल्या वर्षी घराचे वायरिंग नवे केले. इलेक्ट्रिशियनने पॅसेजच्या दिव्याचे बटण कुठे हवे म्हणून विचारले, तेव्हा मी टू-वे बसवायला सांगितले, एक तिकडे आणि एक माझ्या उशाशी.

“घरात कोणी म्हातारं माणूस आहे का?” त्याने विचारले.

मी म्हटले, “हो, तसंच समजा.”